लिफ्ट गेली म्हणण्याआधी लिव्हर बघा

मंडळी, या पानावर दर पंधरा दिवसांनी कुणी ना कुणी आजोबांच्या ट्रॅक्टरचा फोटो टाकतं. लाल मॅसी, पुढे हार, बाजूला धोतर-टोपीतले आजोबा, मडगार्डवर बसलेली चार पोरं. खाली बदाम पडतात, "काय ते दिवस" पडतं. मग एखादा विचारतो, "आता कुठं असतो हा?" आणि उत्तर येतं, "लिफ्ट गेली होती. पंपाचा खर्च परवडेना. भंगारात दिला."

मला राग या शेवटच्या उत्तराचा आहे. फोटोचा नाही.

गेल्या आठवड्यात तर देवासकडच्या एका कुटुंबाने लिहिलं की आजोबांचा 1035 लिफ्टमुळे बंद पडलाय, तो धुऊन, रंगवून, फार्महाऊसच्या दारात "शोभेला" ठेवायचं ठरलंय. त्याखाली कौतुकाचा नुसता पाऊस. एकानेही विचारलं नाही की बाबा, लिफ्टला नेमकं झालंय काय? उचलत नाही, का उतरत नाही, का वर थांबत नाही? या तीन वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि तिघींची कारणं वेगळी आहेत. आपण मात्र तिन्हींना "लिफ्ट गेली" म्हणतो आणि फिटर तिन्हींना "पंप गेला" म्हणतो. नोकरदार झालेल्या नातवाला दोन्ही ऐकून हायसं वाटतं, कारण मग निर्णय सोपा होतो.

माझ्याबद्दल थोडं सांगतो, नाहीतर म्हणाल हा कोण टिकोजीराव. मी बेळगावचा. नोकरी उद्यमबागेत, हायड्रॉलिक व्हॉल्व्ह जोडण्याच्या कामावर, आणि गाव खानापूर तालुक्यात. म्हणजे आठवडाभर दुसऱ्याचे व्हॉल्व्ह आणि रविवारी घरचा मॅसी. आबांनी तो 1978 साली कर्ज काढून घेतला, सिम्सन इंजिनचा, आणि तो अजून भाताच्या चिखलणीला उतरतो. आमच्या बेळगावात बनलेले हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्व्ह देशभर जातात. आणि त्याच गावापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर, हाताच्या बोटाएवढा व्हॉल्व्ह अडकला म्हणून आख्खा ट्रॅक्टर किलोच्या भावाने विकला जातो. सीमाभागावर अन्याय झाला म्हणून आपण तासन्‌तास बोलतो. हा अन्याय कुणी केला मग? दिल्लीनं की बंगळुरानं?

मुळात ही लिफ्ट म्हणजे काय, ते आधी समजून घ्या. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने हा मामला बसवला. त्याच्या आधीच्या फोर्डसनसारख्या ट्रॅक्टरांना नांगर मागे नुसता बांधलेला असायचा. फाळ दगडात वा मुळात अडकला की पुढची चाकं उचलायची आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या अंगावर उलटायचा. माणसं मेली त्यात. फर्ग्युसनने नांगर तीन दांड्यांवर धरला, खाली दोन आणि वर एक. वरच्या दांडीवर, म्हणजे टॉप लिंकवर, जो दाब येतो तो एका जाड स्प्रिंगमधून लिफ्टच्या व्हॉल्व्हला कळवला. जमीन कडक लागली, ओढ वाढली, की लिफ्ट आपोआप नांगर किंचित उचलते आणि नांगराचं वजन मागच्या चाकांवर घेते. हेन्री फोर्डबरोबर त्याने 1938 साली नुसत्या हातमिळवणीवर करार केला, पुढे मोडला, कोर्टकचेरी झाली, आणि 1952 साली फोर्ड कंपनीला साडेब्याण्णव लाख डॉलर मोजावे लागले. 1946 पासून कॉव्हेंट्रीत त्याचा करडा छोटा फर्ग्युसन निघत होता, 1953 साली मॅसी-हॅरिसबरोबर तो एक झाला, आणि 1960 साली मद्रासला टाफे उभी राहिली. तुमच्या फोटोतला लाल ट्रॅक्टर या घराण्यातला आहे. त्याच्या मागचे ते दोन लिव्हर म्हणजे साधे खटके नव्हेत.

दोन लिव्हर. इथंच सगळा घोळ.

एक पोझिशनचा, एक ड्राफ्टचा. आबा त्यांना "उंचीचा" आणि "ओढीचा" म्हणायचे आणि मला ही नावं पुस्तकापेक्षा बरी वाटतात. उंचीच्या लिव्हरने अवजार किती वर ठेवायचं ते ठरतं. ओढीच्या लिव्हरने नांगर किती ओढ लागेपर्यंत खोल जायचा ते ठरतं. आता नीट वाचा. उंचीच्या लिव्हरने काम करायचं तर ओढीचा लिव्हर पूर्ण वर पाहिजे. ओढीचा खाली असेल तर उंचीचा लिव्हर तुम्ही आभाळाला लावा, लिफ्ट उचलणार नाही. आणि नांगरताना उलटं. उंचीचा लिव्हर खालच्या, रिस्पॉन्सच्या पट्ट्यात न्यायचा आणि खोली ओढीच्या लिव्हरने धरायची. रिस्पॉन्स म्हणजे लिफ्टने किती झटकन खाली यावं ते. एका टोकाला जलद, दुसऱ्याला संथ.

आमच्या चुलत भावाच्या घरची गोष्ट सांगतो. ऐन हंगामात लिफ्ट उचलेना. फिटर आला, पाच मिनिटं बघितलं, "पंप गेलाय बघा, खोलावंच लागतंय." अठरा हजार सांगितले, वर तेल वेगळं. दादाने आगाऊ पाच हजार काढून ठेवले होते. वहिनी म्हणाल्या, आधी भाऊजींना तरी बोलवा. मी गेलो. ओढीचा लिव्हर खाली, आणि बाइंडिंगच्या तारेने कचकचून बांधलेला! नवा ड्रायव्हर आदल्या दिवशीपर्यंत होता. कल्टिव्हेटर शेतात वरखाली नाचतोय म्हणून त्याने तार बांधली आणि दुसऱ्या दिवशी काम सोडून गेला. तार कापली, लिव्हर वर केला, इंजिन चालू, लिफ्ट वर. खर्च शून्य. बरं, कल्टिव्हेटर नाचत होता याचंही कारण साधं होतं, रिस्पॉन्स जलद ठेवलेला. तो संथ केला की झालं. हलकं अवजार असेल तर ओढीच्या भानगडीत पडूच नये, उंचीवर चालवावं.

तो फिटर लबाड नव्हता, असं दादा म्हणतो. मी म्हणतो लबाड असता तर परवडलं असतं, निदान त्याला खरं कारण माहीत तरी असतं. त्याला दोन लिव्हरांतला फरकच ठाऊक नव्हता. आणि ट्रॅक्टर ज्याच्या दारात चाळीस-पंचेचाळीस वर्षं उभा आहे त्या घरालाही ठाऊक नव्हता, हे त्याहून वाईट.

पंप खरंच गेलाय की नाही हे गेज नसतानाही बऱ्यापैकी कळतं. कान वापरा. लिव्हर वर केलाय, अवजार हलत नाही, पण मागून चिरका आवाज येतो आणि इंजिनवर भार जाणवतो? म्हणजे रिलीफ व्हॉल्व्ह उघडतोय. पंप दाब करतोय, त्याशिवाय तो व्हॉल्व्ह उघडणारच नाही. अशा वेळी पंपाला दोष देणं म्हणजे दारात उभ्या माणसाला घरात नाही म्हणणं. वजन जास्त आहे, नाहीतर हाताची पिन कुठेतरी जाम आहे, ते बघा. आवाजही नाही, भारही नाही, तर मग पंपापर्यंत तेल जातंय का हे विचारा. या पंपाची गंमत अशी की त्याचा कंट्रोल व्हॉल्व्ह तेल ओढण्याच्या बाजूला आहे. व्हॉल्व्हने वाट बंद केली की पंप नुसता फिरत राहतो, तेल घेतच नाही. म्हणून व्हॉल्व्ह अडकला तर चांगला पंपही मेल्यासारखा दिसतो. तेल कमी असलं, खालची जाळी गाळाने बुजली, तरी तेच. डिपस्टिक काढून बघायला कुणाची परवानगी लागते?

आणि क्लच. डबल क्लच असेल तर पेडल अर्ध्यावर दाबलं की चाकं थांबतात, लिफ्ट चालते. पूर्ण दाबलं की लिफ्टही थांबते. सिंगल क्लचला तर पाय ठेवला की दोन्ही बंद. बांधावर वळताना क्लच पूर्ण दाबून लिफ्ट ओढणारे आणि मग "उचलत नाही" म्हणणारे मी बघितलेत. कुणाकडे तो करडा जुना फर्ग्युसन असेल तर पीटीओचा लिव्हर बघा. तो सुटलेला असला की पंप फिरतच नाही.

दुसरी तक्रार, वर थांबत नाही. अवजार उचललं, इंजिन चालू आहे, आणि हात दर काही सेकंदांनी किंचित खाली येतात, परत वर जातात, नंदीबैलासारखी मान हलवतात. इंजिन बंद केलं की थोड्या वेळात अवजार जमिनीवर. पंप तर इमानदारीने दर वेळी परत उचलतोय! तेल गळतंय ते पुढे कुठेतरी. सिलिंडरच्या पिस्टनची रिंग किंवा सील, तेल वर नेणाऱ्या नळीचा ओ-रिंग, नाहीतर व्हॉल्व्ह बसत नाही. ओ-रिंगची किंमत चहाच्या बिलाएवढी. वरचं झाकण उतरवायची मेहनत आहे, खरं. पण त्यासाठी पंप बदलला तर बिल द्याल आणि मान हलतच राहील. बाजूचं झाकण काढून, बॅटरीच्या उजेडात, अवजार वर असताना तेल कुठून पिचकतंय ते डोळ्याला दिसतं. डोळ्याने बघा, बोट लावून नका बघू. आत दोन हजार पौंडांच्या वर दाब असतो आणि बारीक छिद्रातून आलेलं तेल कातडीत सुईसारखं घुसतं. बाहेर काही दिसत नाही आणि दोन दिवसांनी बोट काढावं लागतं.

तिसरी तक्रार, उतरत नाही. इथे मला जपून लिहायचंय, कारण माझ्या धाकट्या काकांचा डावा पाय यात गेला.

चिखलणी झाली की आमच्याकडे ट्रॅक्टर गोठ्याशेजारी उभा राहतो. गियर लिव्हरचं रबर फाटलेलं असलं की पावसाचं पाणी थेट गियरबॉक्समध्ये उतरतं. आणि या ट्रॅक्टरात गियरबॉक्सचं आणि लिफ्टचं तेल एकच आहे, हे लक्षात ठेवा. तेल दुधाळ होतं, पाणी तळाशी बसतं, आणि पंपही तळाशीच आहे. ट्रॅक्टर चालू असताना त्याचा व्हॉल्व्ह सतत बारीक थरथरत ठेवायची सोय कंपनीने केलीय, अडकू नये म्हणून. पण उभ्या ट्रॅक्टरात काय थरथरणार? दोन महिन्यांत गंज धरतो. नोव्हेंबरात ट्रॅक्टर सुरू केला, हात वर गेले आणि वरच राहिले. काकांनी नांगर लावलेला होता. लिव्हर खाली करून बघितला, काही नाही. फिटर यायला दोन दिवस. शेजारच्या एका जाणत्याने सांगितलं, मागून हातोडीने जरा ठोका, सुटतंय. काका खाली वाकून ठोकायला गेले, तिसऱ्या ठोक्याला व्हॉल्व्ह सुटला, आणि सगळं वजन पायावर आलं.

ही लिफ्ट एकाच बाजूने जोर करते. वर नेते ती. खाली येतं ते अवजाराच्या वजनाने. म्हणजे एक तर रिकामे हात उतरत नाहीत म्हणून घाबरू नका, त्यांना वजनच नाही, दोन माणसांनी वर उभं राहून बघा. आणि दुसरं, वर अडकलेलं अवजार म्हणजे ताणलेली सापळ्याची कमान. त्याच्या खाली हात, पाय, डोकं, काहीही घालायच्या आधी लाकडाचे जाड ठोकळे लावायचे. जॅक नव्हे, विटा नव्हेत, ठोकळे. मग इंजिन बंद करून, तेल उतरवून, बाजूच्या झाकणातून व्हॉल्व्हचा लिव्हर हाताने पुढेमागे करायचा. बहुतेकदा तो सुटतो. दुधाळ तेल फेकायचं, आत धुऊन नवं भरायचं. काकांच्या ट्रॅक्टरला पुढे झालं ते एवढंच. तेल आणि फाटकं रबर.

आता विरोधी पक्षाचं ऐकू. या पानावर लिहिणारे काहीजण म्हणतात, अहो, पन्नास एचपीचा नवा ट्रॅक्टर रोटावेटरसकट तासावर भाड्याने मिळतो, कशाला ही डोकेफोड? मान्य. माळव्यात सोयाबीनचं सलग वीस एकर असेल तर भाड्याचाच हिशेब बरा. मॅसीच्या घराण्याशी माझं काही सोयरिक नाही. हाऊसिंगला तडा गेलाय, इंजिनचा क्रँक गेलाय, तर विका, मी हार घालायला येतो. पण खानापूरकडच्या पट्ट्यात तीन-चार एकराचे तुकडे, मध्ये बांध, चिंचोळी वाट. मोठा ट्रॅक्टर वळतच नाही. आणि सगळ्यांची चिखलणी त्याच आठवड्यात असते. भाड्याचा ट्रॅक्टर आधी मोठ्या शेतात जातो, तुमच्याकडे पाणी ओसरल्यावर येतो. घरचा मॅसी विकलेल्या दोन घरांनी पुढच्याच वर्षी भात सोडलं आणि तिसऱ्या वर्षी जमीन खंडाने दिली, हे मी डोळ्यांनी बघितलंय. लिफ्टमुळे जमीन गेली असं मी म्हणणार नाही. पण सुरुवात तिथून झाली.

दुसरे म्हणतात, पार्ट मिळत नाहीत. मिळतात. हे मॉडेल इतकं खपलंय की ओ-रिंगपासून कंट्रोल स्प्रिंगपर्यंत सगळं तालुक्याच्या बाजारात आहे. मिळत नाही तो मन लावून बसवणारा माणूस. वरचं झाकण परत बसवताना आतले लिव्हर पंपाच्या व्हॉल्व्हच्या लिव्हरला बरोबर सापडावे लागतात, नाहीतर नव्या सामानावरही लिफ्ट एकतर उचलत नाही, नाहीतर उतरत नाही. मग ओढीच्या आणि उंचीच्या दांड्यांचं सेटिंग मापाने करायचं असतं. आमच्याकडे ते "अंदाजपंचे" होतं, आणि दोष सामानाला.

आणि काही उद्योग तर घरचेच असतात. टॉप लिंकची मागची स्प्रिंग खुळखुळते म्हणून तिथं लोखंडी तुकडा वेल्ड करून टाकणारे महाभाग आहेत. अरे, ती स्प्रिंग म्हणजे या ट्रॅक्टरचा कान! ती हाताने फिरली पाहिजे, पण पुढेमागे ढिली नको, एवढंच बघायचं. गंजून जाम झाली तर सोडवायची. वेल्ड केली की ओढीचा लिव्हर कायमचा बहिरा, मग नांगर कडक जागी रुततो, चाकं जागेवर फिरतात, डिझेल जळतं, आणि आपण म्हणतो जुन्या मॅसीत दम नाही. तसंच इंजिनचं उतरवलेलं काळं तेल मागे ओतणारे. पाचशे-हजार वाचवतात आणि व्हॉल्व्हमध्ये काजळी भरतात.

आबांनी मला हे कुठल्या शाळेत पाठवून शिकवलं नाही. मडगार्डवर बसवून, "आता ओढीचा जरा खाली घे, आता आवाज ऐक" एवढंच. तुमच्या फोटोतली मडगार्डवरची चार पोरंही तिथंच बसलेली दिसतात. त्यांना कुणी लिव्हरला हात लावू दिला होता की नाही, हे मला त्या फोटोवाल्यांना विचारायचंय. खाली लिहा. बदाम नकोत.

देवासच्या मंडळींनी रंग लावायच्या आधी तीन गोष्टी कळवाव्यात. दोन्ही लिव्हर कुठं आहेत त्याचा फोटो, डिपस्टिकवरच्या तेलाचा रंग, आणि इंजिन चालू असताना मागून येणारा आवाज, व्हिडिओ काढून. बाकी कुणाचं अवजार या क्षणी वर अडकलेलं असेल तर आधी खाली ठोकळे लावा, पोरांना लांब करा, मग मेसेज करा. रविवारी मी गावी असतो, तिथं रेंज नाही, संध्याकाळी उत्तर देईन.